पुडीची घडी

कागदाची पुडी एवढीशी, अंगठ्याच्या पेराएवढी, आणि चारही कडा अशा आत मुडपलेल्या की उघडायची कुठून हे करणाऱ्यालाच ठाऊक... तिच्या एका तळहातावर ती पुडी होती आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचा घरात घालायचा सदरा, कॉलरीला मळलेला. धुवायला टाकण्याआधी खिसे चाचपायची तिची जुनी सवय. घड्याळजीच्या खिशात काय सापडेल याचा नेम नसतो; एकदा एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची चावी मशीनच्या पोटात गेली होती आणि ती शोधता शोधता दोघांचं भांडण तिच्या माहेरी जायच्या, माळ्यावरच्या ट्रंकेपर्यंत पोचलं होतं. तेव्हा स्क्रूच असणार. दुकानात तो सगळे बारीक स्क्रू असेच बांधतो, मोजून फाडलेल्या कागदात, डिंक नाही, दोरा नाही, नुसती घडी.

घडी! ही घडी त्याच्या हाताची होती. त्या हाताची — जो दुकानात काम करता करता लाकडासारखा पडला होता, आणि तो फोनवर नुसता म्हणत राहिला होता, "चिमटा सुटतोय गं... चिमटा सुटतोय." तोंड जरा वाकडं, शब्द ओले. दवाखान्यातून घरी आल्यावर तो खिडकीशी बसून जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे घेऊन हीच घडी घालायला बघायचा आणि कागद नुसता चुरगळायचा. ते चुरगळे ती केर काढताना मुकाट्याने उचलायची, त्याला दिसू नयेत म्हणून आधी पदराखाली, मग बादलीत. पुढे तो दुकानात जाऊन बसायला लागला, पण बारीक काम जमतं की नाही, हे विचारायचा तिला धीर झाला नव्हता. आणि आज ही पुडी! कडा बघा, कशा ब्लेडने कापल्यासारख्या. म्हणजे हात आला. म्हणजे माझं जेवण लागू पडलं. मी आणला हा हात परत, मी, या दोन शेगड्यांवर...

तिने पुडी नखाने सोडवली. आत पांढरे दाणे होते. कळलं होतं, तरी जिभेचं टोक लावून बघितलं.

मीठ.

तिने सदरा धुतला नाही. खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच गॅस चालू केला, बंद केला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अर्धांगाचा दुसरा झटका आला तर हा हात विसरा, कदाचित माणूसही. मीठ तोडा. 'तोडा' म्हणायला काय जातं! जगातली सगळी पथ्यं बायकांनी शिजवायची असतात. त्या दिवसापासून ती फोनवर व्हिडिओ बघून बघून बिनमिठाचा स्वयंपाक शिकली. फोनमधल्या त्या बारीक बाईच्या ओट्यावर एक डाग नसायचा, म्हणजे तिच्या घरी कुणी जेवत नसणार. पण तिचं ऐकून हिने काय काय केलं! फ्लॉवर किसून त्याचा भात केला. ओट्सचे कटलेट केले, ते भिजल्या पुठ्ठ्यासारखे तव्याला धरून बसले. बीट भाजलं, तर सासूबाई म्हणाल्या, "कुणाचा खून केलास गं?" जळलं, फसलं, पुन्हा केलं. मीठ एकदम नाही तोडलं. इथे तिने आपली अक्कल चालवली. आधी शीग लावलेला चमचा सपाट केला, मग अर्धा, मग चिमूट, मग चिमटीला लागेल तेवढंच, आणि जितकं मीठ काढलं तितकं लिंबू, मिरी, भाजलेला लसूण पुढे सरकवला, जिभेला पत्ता लागू नये म्हणून. हळूहळू फसवत न्यायचं, रांगत्या पोराला पायरी उतरवतात तसं. आणि फसला की! रोज पहिल्या घासाला, "छान झालंय." शीग लावलेल्या चमच्याला छान, आणि काहीच नसलेल्यालाही छान. तेवढंच छान. त्याच आवाजात.

तेव्हाच कळायला हवं होतं, मूर्ख बाई.

आणि पाणी. पहिला घास, छान झालंय, आणि लगेच, "अगं, जरा पाणी आण ना, कोमट." रोज! रोज ती उठायची, पाणी तापवायची, त्याच्याकडे पाठ करून, मनात त्या 'छान'ला गोंजारत...

सासूबाई आपल्या खोलीत पलंगावर पाय पसरून गुळण्यांचा पेला शोधत होत्या. त्यांच्या उशाशी मिठाची बरणी होती, घशासाठी. घरातली तेवढी एकच बरणी तिने हलवली नव्हती. सुनेने तळहात पुढे केला. सासूबाईंनी चष्म्यातून पाहिलं, मग चष्म्यावरून.

"सापडली होय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं, आई?"

"माझ्या बरणीतलं मीठ माझ्या गुळण्यांनी एवढं संपतं का? मी काय समुद्र आहे?"

"मग बोलला नाहीत!"

"काय बोलू? म्हटलं मी त्याला, मेल्या, मरशील. तर म्हणतो, आई, तिला सांगू नकोस. एवढी राबते, तिचं मन मोडेल." त्यांनी पेला सापडल्यासारखा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. "लहानपणापासून असाच गं. शाळेत मार खाऊन यायचा आणि मला सांगायचा, बक्षीस मिळालं."

"आणि हात? हाताचं काय होईल?"

सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मुलगा माझा आहे... पण चूल तुझी. मी म्हातारी कुठे कुठे पुरी पडू?"

हिच्या मनात आलं, बरणी उचलावी आणि मोरीत उपडी करावी. केली असती. पण मग? कोपऱ्यावरचा वाणी आहे, दुकानाशेजारी चहावाला आहे, जगभर मीठ पडलंय. आरडाओरडा केला तर उद्यापासून घरात खाईल ते खाईल आणि बाहेर खाईल ते वेगळंच. नाही केला तर रोज रात्री डोळ्यांदेखत... म्हणजे डोळ्यांदेखतही नाही, पाठीमागे. आणि समजा मीच घातलं थोडं मीठ, तर तो त्यावर आपलं घालणारच, सवयीने. कुठूनही धरा, दोरी सुटतेच. आणि राग तरी कुणाचा करू? माझ्यासाठी खोटं बोलतो! माझं मन मोडू नये म्हणून हा माणूस स्वतःची नस फोडून घेईल. प्रेम म्हणायचं का याला? असलं प्रेम करणाऱ्याच्या थोबाडीत मारावीशी वाटते, आणि मारताना त्याचा गाल आधी नीट धरावासा वाटतो, तो वाकडा झाला होता तो गाल...

संध्याकाळी तिने ढोबळ्या मिरच्या पोखरल्या. आत भरायला शिजवलेले सातू, परतलेलं गाजर, अक्रोडाचा चुरा. नवीनच होतं, आठवडाभर मनात घोळवलेलं. हात आपोआप चालत होते, आणि तिला त्या हातांचीच चीड येत होती, असे कसे चालतात हे? लिंबू पिळलं. मिरी घातली. चव बघितली, ठीक होती. तिला तर छानच वाटली.

मग सदऱ्याकडे गेली. पुडी पुन्हा बांधायला लागली. आधीच्याच कागदात, आधीच्याच सुरकुत्यांवरून. वाट तर आखलेली होती. पण कडा आत जाईनात. एक दाबली की दुसरी सुटायची, दाणे बोटांना चिकटायचे. जन्मभर हा माणूस माझ्यासमोर ही घडी घालत आला आणि मी एकदाही नीट बघितली नाही. शेवटी कशीबशी मुटकुळी झाली, वर्तमानपत्राच्या त्या चुरगळ्यांसारखी. खिशात टाकली. का टाकली? बोट लागताक्षणी त्याला कळेल. कळावं म्हणून टाकली, की त्याला मिळावी म्हणून? तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ताटं घेतली.

तो आला, हातपाय धुतले, सदरा घातला. दुकानातल्या कुठल्या तरी म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होता. त्याचं भिंतीवरचं घड्याळ बायको गेल्यापासून पुढे पळतं म्हणे. "म्हटलं, काका, घड्याळ बरोबर आहे, तुमचीच घाई चाललीय." सासूबाई हसल्या नाहीत. तिने वाढलं. आज पाण्याचा तांब्या आधीच त्याच्या ताटाशी ठेवला होता, भरलेला, कोमट.

"हे काय नवीन?"

"खाऊन बघा."

त्याने मिरची मोडली. घास घेतला. चावला, जरा जास्तच वेळ. डोळ्यांत तोच शहाणा, मऊ भाव.

"छान झालंय."

आणि मग, "अगं, जरा पा..." इथे त्याची नजर तांब्यावर गेली आणि शब्द अर्धाच राहिला. उजवा हात ताटाजवळून उठून खिशाच्या काठापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. आत गेला. बोटांना मुटकुळी लागली असणार, कारण त्याचा चेहरा जरासुद्धा, जरासुद्धा हलला नाही. सासूबाईंनी घास तोंडाजवळ धरून ठेवला होता. तो वर बघेल, आत्ता बघेल, मग मला काहीतरी बोलावं लागेल, मग...

"पाणी आणते," ती म्हणाली.

तिने तो भरलेला तांब्या उचलला आणि आत गेली.

ओट्याशी आली, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. तांब्या मोरीत ओतला, नळ सोडला. पाण्याच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नव्हतं. नळ बंद करावा का? बंद केला तर कागद वाजलेला ऐकू येईल. किंवा वाजणार नाही. त्यातलं काय ऐकायचंय मला... तांब्या भरला, वाहायला लागला. पातेल्यात थोडं सारण उरलं होतं. काहीतरी करायचं म्हणून तिने त्यातलं बोटभर घेऊन तोंडात टाकलं.

अळणी होतं. कागद चावावा तसं — माती नाही, राख नाही, काहीच नाही. तासाभरापूर्वी तिने हेच चाखलं होतं, हेच. तिने ते गिळायचा प्रयत्न केला आणि घास तोंडातच फिरत राहिला, आणि तिला वाटलं, हे त्याने रोज... रोज हे, आणि वर छान! हातावरून पाणी वाहत होतं. मागे वळायचं होतं. मान वळत नव्हती. मिठाचे दाणे अजून नखात होते, एक बोट तिने नकळत ओठांपर्यंत आणलं, आणि ते तिथेच धरून ती उभी राहिली.