चुंबकाला न चिकटलेली जाळी

मी एक जुनी जाळी आहे. मित्रांनो, डासांची नाही आणि कोळ्याचीही नाही. बारीक तारांनी विणलेल्या नळीसारखी मी, आर्वीच्या मोतीलालजींच्या मानेत डावीकडच्या रक्तवाहिनीत राहते. मेंदूकडे रक्त जाते ती ही वाट. तुम्ही मला कधी पाहिले नसेल. त्यांनीही पाहिले नव्हते, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. दाबले की आखडायचे आणि सोडले की पुन्हा उमलायचे, हा माझा स्वभाव. २००५ साली नागपूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी मला जांघेतल्या रक्तवाहिनीतून वर सरकवत मानेपर्यंत आणले. तिथे चरबीचा थर साचून वाट चिंचोळी झाली होती. मी उमलले, थर भिंतीकडे सारला आणि रक्त भरभरून वाहू लागले. "फर्स्ट क्लास बसली," डॉक्टर म्हणाले. मी हरखून गेले. रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि सहा महिन्यांनी मानेची सोनोग्राफी करायची, एवढे घाईघाईत सांगून ते पुढच्या रोग्याकडे वळले.

मोतीलालजी कापसाचे व्यापारी, कापसातली सरकी वेगळी काढायची स्वतःची जिनिंग असलेले. गाडीतला वरचा कापूस पांढराशुभ्र दिसला की ते आधी खालचा उपसून पाहत. दूधवाल्यावर संशय, वजनकाट्यावर संशय, बायको शोभाबाईंच्या हातच्या चहातल्या साखरेवरसुद्धा संशय. असा माणूस न दिसणाऱ्या जाळीवर विश्वास कसा ठेवणार?

कापसात चुकून आलेला खिळा यंत्रात गेला की ठिणगी उडते आणि सगळा माल पेटतो. म्हणून जिनिंगमध्ये खिळे-तारा ओढून घ्यायला चुंबक ठेवतात. त्यातलाच एक चुंबक मोतीलालजी एका दुपारी घरी घेऊन आले. आरशासमोर उभे राहून त्यांनी तो मानेला लावला. वर लावला, खाली लावला, कानामागेही फिरवून पाहिला. माझा धातूच असा की चुंबक त्याला धरत नाही. पण हे त्यांना कोण सांगणार?

"फसवलं आपल्याले!" ते बायकोला म्हणाले. "अंदर काहीच नाई. जांघेत टोचलं अन् घरी पाठवलं."

"अवो, डॉक्टरले तरी विचारा एकदा," शोभाबाई म्हणाल्या.

"चोरालेच विचारू काय, चोरी केली काय म्हणून?"

झाले! गोळ्या बंद पडल्या. जी जाळीच नाही तिची तपासणी कशाला, म्हणून सोनोग्राफीही राहिली. सुटलेली विडी पुन्हा ओठांत आली.

इकडे मलाही संशयाने घेरले होते. सुरुवातीला माझ्या तारांवर पातळ, मऊ अस्तर चढले. शरीराने आपल्याला आपलेसे केले, असे वाटून मी सुखावले. पण अस्तर थांबेचना. ते जाड होत गेले आणि मधली वाट पुन्हा अरुंद झाली. मोतीलालजींना दुखत नव्हते की खुपत नव्हते. हीच तर त्या अस्तराची लबाडी! खरे सांगते, मला मोतीलालजींचा राग येई. त्याहून जास्त भीती वाटे.

दोन वर्षांनी, ऐन हंगामात, बाजारात गाडीतला कापूस उपसताना त्यांचा उजवा हात एकाएकी लुळा पडला. भाव सांगायला तोंड उघडले, तर शब्द फुटेना. थोड्या वेळाने हात हलू लागला, जीभही सुटली. बाजारातल्या चहात कोणीतरी काहीतरी घातले, असा त्यांनी घरी येऊन निष्कर्ष काढला. शोभाबाईंनी तो ऐकून घेतला नाही.

"आता तुमचं काही ऐकत नाई. बसा गाडीत," त्या म्हणाल्या आणि त्यांना थेट सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

तिथल्या डॉक्टर दीपमाला मॅडमनी मानेवर सोनोग्राफी केली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा काका, ही तुमची जाळी."

मोतीलालजी पडद्याजवळ वाकले. "मंग चुंबकाले काऊन नाई चिकटली?"

मॅडम हसल्या नाहीत. "हा धातू चिकटत नाही. जाळी जागेवर आहे, पण तिच्या आत मांस वाढून वाट बंद होत आली आहे. हात लुळा पडला ही धोक्याची सूचना होती. पुढच्या वेळी वाचा कायमची जाऊ शकते. आतून फुगा फुगवून वाट मोकळी करावी लागेल."

"गॅरंटी आहे काय?"

"नाही. धोका त्यातही आहे, आणि पुन्हा भरूही शकते. म्हणून पाहत राहायचं."

आता हे उठून चालायला लागणार, असे मला वाटले. पण स्वतःच गॅरंटी नाही म्हणणारा माणूस त्यांना जन्मात भेटला नव्हता. "करा मंग," ते म्हणाले.

पुन्हा जांघेतून नळी आली. कचरा मेंदूत जाऊ नये म्हणून माझ्या पुढे एक इवलीशी गाळणी उघडली गेली. फुगा माझ्या पोटात फुगला, मी ताणले गेले आणि वाढलेले मांस भिंतीशी दबले. मोतीलालजी जागेच होते. वाचा शाबूत आहे का, हे पाहायला मॅडमनी विचारले, "काका, काकूंचं नाव सांगा."

उत्तर आले नाही.

मॅडमनी पुन्हा विचारले. गाळणी चुकवून माझ्याच अंगावरचा कचरा वर मेंदूत गेला असेल का?

"काऊन?" मोतीलालजी अखेर म्हणाले. "तिचं नाव तुमाले कायले पाह्यजे?"

सगळी खोली हसली. इतके स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकले नव्हते.

मित्रांनो, माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा, असे मी म्हणणार नाही. मांस पुन्हा वाढू शकते, याची मला स्वतःलाच धास्ती असते. संशय जरूर घ्या, पण तो मनात ठेवून घरी नेऊ नका. गोळी सोडण्याआधी डॉक्टरांच्या तोंडावर विचारा. मोतीलालजी आता न चुकता तपासणीला येतात, मानेवर सोनोग्राफीचे थंडगार जेल लावून घेतात आणि दरवेळी मॅडमना विचारतात, "मशीन बराबर आहे ना?"

मॅडम दरवेळी त्यांना मशीन तपासून दाखवतात.