कापलेल्या चार ओळी

सहलवाल्यांना घराबाहेर पडणं अगदी जिवावर यायचं. हे गुपित फक्त त्यांच्या बायकोला आणि सात वर्षांच्या लेकीला ठाऊक होतं. बाकी सगळं शहर त्यांना शनिवारच्या पुरवणीतल्या 'रविवारी कुठे?' या सदरामुळे ओळखत होतं. मुलांना घेऊन एका दिवसात कुठे जाऊन येता येईल, बस कुठली, डबा न्यावा की नको, सगळं साडेचारशे शब्दांत. सदराचे नायक ते स्वतःच. "आम्ही तिघं निघालो" अशी सुरुवात, मग लेकीला खांद्यावर घेऊन टेकडी चढणारे बाबा, बायकोला हसवून बेजार करणारे बाबा, चिखलात आपटले तरी न चिडणारे बाबा. वाचक या बाबांवर बेहद्द खूश होते.

पहिलं वर्षभर ते खरंच हिंडले. मग गुडघ्याचं निमित्त मिळालं. माहितीपत्रकं, दोन-चार फोन आणि एक आरामखुर्ची, एवढ्यावर पुढची पाच वर्षं सदर बिनबोभाट चाललं. लेकीला घरात खारू म्हणत. दर रविवारी ती बूट घालून त्यांच्या पलंगाशी उभी राहायची.

"बाबा, आज?"

"पुढच्या रविवारी नक्की," म्हणून सहलवाले कूस बदलायचे. खारू बूट काढून कपाटाखाली जोडीनं ठेवायची. ती रडत नाही हे एक बरं, असं त्यांना वाटायचं.

एका बुधवारी घोळ झाला. ज्या पक्षी-उद्यानावर लिहायचं ठरलं होतं, ते डागडुजीसाठी बंद असल्याचं दुपारी चारला कळलं. मजकूर पाचला द्यायचा होता. सहलवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि चक्क थाप मारली. जुन्या पाण्याच्या टाकीपासून डावीकडे वळलं की एक तळं लागतं, त्यांनी लिहिलं. तळ्यात बदकांच्या आकाराच्या होड्या. काठावर लाकडी घोड्यांचं चक्र, ते हातानं फिरवणारा बोळक्या तोंडाचा म्हातारा. आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर कागदाची टोपी घालणाऱ्या एक मावशी. शेवटी नेहमीप्रमाणे परतीची माहिती. टाकीच्या डावीकडे सिमेंटच्या गोदामाची भिंत आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण सदर वाचणाऱ्या शंभरातले दोघे-तिघे प्रत्यक्ष जातात, आणि तेही पत्ता चुकला समजून मुकाट घरी येतील, असा त्यांचा अंदाज होता.

पुरवणीची पानं लावायचं काम एका उपसंपादक बाईंकडे होतं. ऐन वेळी जाहिरात आली की मजकूर खालून कापायचा, हा त्यांचा खाक्या. छापील पट्टीवर खरीखुरी कात्री चालवायच्या आणि उडवलेला तुकडा टेबलावरच्या उभ्या खिळ्याला टोचून ठेवायच्या, म्हणून त्या सगळ्यांच्या कात्रीबाई.

"फरशीवाल्याची जाहिरात आली. तुमच्या शेवटच्या चार ओळी गेल्या," त्या म्हणाल्या. "परतीच्या होत्या हो."

"जाऊ द्या," सहलवाले म्हणाले. तिथे जाणारच कुणी नव्हतं, मग परतीचं काय घेऊन बसायचं?

मंगळवारी त्यांच्या टेबलावर तीन पोस्टकार्डं आली. कुणावरच तिकीट नव्हतं. पहिलं एका शाळामास्तरांचं होतं. 'तुमचं वर्णन तंतोतंत आहे. टोपीवाल्या मावशी फार प्रेमळ. आमचे दोघे मुलगे निघायचं नावच घेत नाहीत. इथं अजून रविवारच आहे. परतीची गाडी किती वाजता, तेवढं कृपया कळवावं, सदरात दिसलं नाही.' दुसऱ्यातही तीच विचारणा. तिसऱ्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : 'तुमची प्रत्यक्ष भेट झाली, आनंद वाटला. आमच्या धाकटीला तुम्ही दोनदा होडीतून फिरवलंत.'

कुणीतरी आपली फिरकी घेतंय, असं म्हणून सहलवाल्यांनी कार्डं खणात टाकली. पण गुरुवारी त्यांच्याच पेपरात चौथ्या पानावर छोटी बातमी होती. एक शाळामास्तर, त्यांची पत्नी आणि दोन मुलगे रविवारी सकाळी बाहेर पडले, ते अजून परतलेले नाहीत. तोंड उघडावं, तर सहलवाल्यांचं पाच वर्षांचं पितळ संपादकांसमोर उघडं पडणार. त्यांनी पान उलटलं. लाज वाटली, नाही असं नाही, पण पान उलटलंच.

घरी खारूनं त्या सदराचं कात्रण भिंतीला लावलं होतं.

"बाबा, या तळ्यावर जायचं हं."

"तिथं नको."

"का? तुम्हीच तर लिहिलंय."

"गर्दी असते गं फार," सहलवाले म्हणाले. खरं एवढंसं सांगायचं होतं, की बाळा, मी ते मनानं रचलंय. पण लेकीसमोर खोटं पडायची त्यांना सगळ्यांत जास्त भीती होती.

रविवारी ते साडेअकराला उठले, तेव्हा घर चिडीचूप होतं. कपाटाखाली बूट नव्हते. भिंतीवर कात्रण नव्हतं. जेवण झाकून ठेवलं होतं आणि झाकणावर बायकोची चिठ्ठी होती : 'तुम्ही काही येणार नाही. आम्ही दोघी तळ्यावर जाऊन येतो.'

सहलवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गुडघाबिडघा विसरून ते टाकीपर्यंत पळत गेले आणि डावीकडे वळले. समोर गोदामाची भिंत होती, ऊन खात उभी. त्यांनी तिला कान लावला. पलीकडे पाणी चुबकत होतं. लाकडी चक्राची करकर येत होती. पोरं खिदळत होती, आणि त्या कलकलाटात एक आवाज त्यांनी झोपेतसुद्धा ओळखला असता.

"बाबा, आणखी एक फेरी! एकच!"

"एकच का? दहा घेऊ!" एक पुरुष म्हणाला आणि खदखदून हसला. ते हसू सहलवाल्यांचं होतं. इतकं मोकळं ते कित्येक वर्षांत हसले नव्हते, पण होतं त्यांचंच.

"खारू!" त्यांनी भिंतीवर मुठी आपटल्या.

पलीकडची करकर थांबली. "बाबा, कुणीतरी हाक मारतंय."

"कुणी नाही गं," त्यांचाच आवाज म्हणाला, आणि चक्र पुन्हा फिरू लागलं.

ते धापा टाकत गोदामाला वळसा घालून मागे गेले. मागे सिमेंटची पोती होती आणि स्टुलावर एक रखवालदार.

"आठवडाभर माणसं पोरंबाळं घेऊन डावीकडं जातायत," रखवालदार म्हणाला. "सरळ आत जातात. भिंतीपाशी अडलेले तुम्हीच पहिले."

सहलवाल्यांना कळून चुकलं. बाकी सगळ्यांनी ते वाचलं होतं आणि खरं मानलं होतं. ती थाप आहे हे साऱ्या शहरात फक्त त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे भिंतही फक्त त्यांच्यासाठी होती.

ते तसेच कचेरीत गेले. कात्रीबाई सोमवारच्या अंकाची पानं लावत होत्या. सहलवाल्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. थाप, पोस्टकार्डं, भिंत. कात्रीबाई हसल्या नाहीत. त्यांनी खिळा पुढे ओढला आणि एकेक तुकडा उपसत तळाशी गेलेली पट्टी काढली.

सहलवाल्यांनी ती हिसकावलीच. 'परतीची गाडी साडेपाचला मोठ्या फाटकातून सुटते. ती प्रत्येकाला आपापल्या घराजवळच्या थांब्यावर सोडते.' त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे छापा. पहिल्या पानावर. चौकट करून."

"पुढं आणखी दोन ओळी आहेत. वाचा तरी."

"नंतर वाचेन. आधी छापा."

"जशीच्या तशी?"

"जशीच्या तशी!"

आपलं लिहिलेलं पुन्हा वाचायची सवय त्यांना कधीच नव्हती.

सोमवारी पेपर खिशात घालून ते दुपारपासून घराजवळच्या बसथांब्यावर बसून राहिले. मनात एकच घोकत होते. उतरल्या की लेकीला सगळं खरं सांगायचं, पाया पडून सांगायचं, आणि येत्या रविवारी ती म्हणेल तिथे जायचं. आणि त्यांना ते मनापासून करायचं होतं, याबद्दल शंका नको.

सव्वासहाला एक पिवळी बस आली. तसली बस त्यांनी शहरात कधी पाहिली नव्हती. खिडकीत एक दमलेले मास्तर बसले होते, दोन्ही बाजूंना कागदी टोप्या घातलेले दोन मुलगे पेंगत होते. दार उघडलं. आधी बायको उतरली. ती हसत होती, पोट धरून, मागे कुणाकडे तरी बघत. तिच्यामागून एक पुरुष उतरला, टणाटण, गुडघा बिलकूल न कुरकुरता. अंगात सहलवाल्यांचा शर्ट होता. तोंडही सहलवाल्यांचंच. त्याच्या खांद्यावर कागदाची टोपी घातलेली खारू होती.

"खारू!" सहलवाले पुढे धावले. "अगं, मी..."

बायको बाजूला झाली. अनोळखी माणसाला वाट द्यावी, तशी. "काय हवंय आपल्याला?" तिनं विचारलं.

सहलवाल्यांनी खिशातला पेपर काढला. चौकटीतल्या शेवटच्या दोन ओळी त्यांनी आता वाचल्या. 'लेक निघायला तयार नव्हती, मग मी तिला खांद्यावर घेतलं. दमलो होतो, पण आम्ही तिघंही हसत घरी परतलो.'

तिघं. तिघंच समोर उभी होती.

"काका रडतायत," खारू वरून म्हणाली. "काका, तुम्हालापण तळ्यावर जायचं होतं का?"

सहलवाल्यांनी मान डोलावली.

खारूनं फ्रॉकच्या खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं आणि बाबांच्या खांद्यावरून वाकून सहलवाल्यांच्या हातात दिलं.

"यात बाबांनी सगळं लिहिलंय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी नक्की जा."