केबलीच्या पोटात काय आसा

मे महिन्यात आंब्याची पेटी न्यायला मालवणचा सिद्धेश वालावलीला बाबलीकडे आला, पेटीबरोबर बाबलीची मुलगी सलोनीही त्याच्या मनात भरली, आणि दिवाळी झाल्यावर तो मागणी घालायला आला. हातात नारळ नव्हता. मनगटाएवढी जाड, काळी केबल होती. खाडीतली वाम धरावी तशी त्यानं ती दोन्ही हातांनी धरली होती.

"काका, तुमच्या भजनाच्या स्पीकराक. माझ्या दुकानातली सगळ्यात भारी. आत चांदी आसा. हिच्या मोलात मोटारसायकल येता."

बाबलीची भुवई जी वर गेली ती खाली येईना. त्याची बायको सावित्री शपथेवर सांगते, त्या भुवईवर चिमणीनं घरटं केलं, पिल्लं उडून गेली, तरी ती वरच.

"पोरगो बरो आसा हां," सावित्री म्हणाली.

"बरो? फुकट चांदी देणारो माणूस मी अजून बघूक नाय. हिच्या पोटात काय आसा, ताच तेच्या पोटात असतला. आधी पोट बघतलंय, मगे चेडू देतलंय."

सिद्धेश उत्तराला रविवारी येणार होता. तो वळणाआड गेला तसा बाबलीनं भाजी चिरायचा आडाळो पुढे ओढला, केबल पात्यावर धरली आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा नारायणा, हिच्या आत जा काय असात, ता उघड्यार येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चुलीपाशी सावित्री सवयीनं बोलून गेली. मग किंचाळली, "आवो, कापतास काय?"

तोवर कापून झाली होती. जाळीचं कापड, रबर, कापूस, परत रबर, परत कापूस. एक उशी भरून वर लोड झाला. सगळ्यात आत तांब्याची बारीक तार, अगदी विहिरीच्या पंपाला असते तसली. चांदी म्हणाल तर दात भरायलाही नाही.

 बाबलीनं पंपाची जुनी वायर आत सारली, कापूस ठासला, सुतळीनं शिवून स्पीकरला लावली. आता हिलाच चांदी समजून पोरगा 'वा वा' म्हणाला की उंबऱ्याबाहेर.

रविवारी भजन लावलं. सिद्धेश डोळे मिटून बसला. दारात सलोनी चहा घेऊन उभी, चहावर साय धरली.

"कसो वाटता आवाज?" बाबलीनं विचारलं.

"पंपाची वायर घातलास मां, काका?"

"आवाजावरना कळला?"

"खंय! आवाज होतो तसोच आसा. शिवण दिसली."

"मगे चांदी म्हणान कित्याक विकतंस?"

"माका चांदी म्हणानच मिळाली. इतकी महाग वस्तू कोण कापून बघता? माकाय धीर झालो नाय." सिद्धेशनं बाबलीच्या भुवईकडे पाहिलं. "तुमच्या पेटीचो तळ मात्र मी बघलंय. वर हापूस, खाली रायवळ."

बाबलीची भुवई धपकन खाली आली. सावित्रीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की चूल विझली.

"आणि तू कोणाक बोललंस नाय?" बाबलीनं संशयानं विचारलं.

"नाय. तळ बघूनय मी परत इलंय, काका."

बाबलीनं सलोनीकडे पाहिलं. ती हसू दाबत होती. म्हणजे पेटीचा तळ तिलाही ठाऊक होता. त्यानं चहा बशीत ओतला, कपाचा तळ दिसेपर्यंत वाकवून पाहिला आणि मगच म्हणाला, "गो सावित्री, भटाक बोलव. तारीख काढूया. पण अहेर सगळो उघडून बघतलंय."

"आमीय," सिद्धेश म्हणाला.