तिसऱ्या गाडीची जागा

ब्रिटानं हातोडा उचलला आणि बाबाच्या बोटांकडे न बघताच हाणला. नारिंगी काठी चार बोटं खाली गेली.

"बघून मार, बये. बोटं माझी आहेत," वेन म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी काठी सरळ धरून होता. "वाकडी राहिली तर पहिल्याच बर्फात मोडते."

"माहितीये. दरवर्षी सांगतोस."

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता आणि आज रात्री जमीन गोठणार, असं रेडिओ सकाळपासून बजावत होता. एकदा गोठली की काठी एप्रिलपर्यंत ना आत जाते ना बाहेर येते. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना ठोकलेल्या काठ्यांच्या आत जेवढी जागा, तेवढीच हिवाळाभर साफ व्हायची. बाकी सगळं बर्फाचं.

त्या जागेत ब्रिटाचा जीव अडकला होता. तीन आठवड्यांपूर्वी तिला लायसन्स मिळालं होतं आणि मावशीची जुनी निळी गाडी गुरुवारी येणार होती. गंजलेली, मागचं एक दार कायमचं बंद, पण तिची. अख्ख्या वर्गाला सांगून झालं होतं. आईची गाडी, बाबाचा ट्रक आणि आता तिची, अशा तीन.

डावीकडच्या काठ्या झाल्या. वेन लांब ढांगा टाकत ड्राइव्हवेची रुंदी मोजत गेला आणि दरवर्षीच्याच जागी थांबला.

"इथे."

"इथे दोनच मावतात, बाबा."

"दोनच मावायला हव्यात."

"आणि माझी? हिवाळ्यात रस्त्यावर ठेवली तर बर्फ काढणारे उचलून नेतील."

"तुझी आतच राहील."

"कुठे, आईच्या गाडीच्या डोक्यावर?"

वेन नुसता हसला. ब्रिटा मनात मुद्दे जुळवू लागली. गेल्या महिन्यात वादविवादात तिनं बारावीच्या दोघांना गप्प बसवलं होतं. बाप कुठल्या झाडाचा पाला!

उजवी बाजूही ठोकून झाली. मग त्यानं गॅरेजमधून बर्फ उडवायचं यंत्र बाहेर ओढलं.

"चोक पूर्ण बाहेर. दोन झटके दे. मग चोक अर्धा आत, आणि परत ओढ."

"हे तर तू करतोस."

"तुला आलं पाहिजे. आईला दोरी ओढायला लावू नकोस, खांदा दुखतो तिचा."

चौथ्या झटक्याला यंत्र गुरगुरलं. ब्रिटानं दोन्ही हात वर करून स्वतःभोवती गिरकी घेतली. वेननं ते बंद केलं आणि तेल टिपायच्या मातीची पिशवी फोडून ड्राइव्हवेवरच्या एका काळ्या डागावर ओतली. चौदा वर्षं त्याचा ट्रक तिथेच उभा राहायचा. आज तो सकाळपासून बाहेर, टपालपेटीपाशी होता. वेन बुटानं माती घोळवत राहिला.

"इथे लाव तुझी गाडी. डाग राहिला तर तेल बुटांना लागून घरात येईल."

"इथे? मग ट्रक काय झाडावर टांगायचा?"

वेननं झाडू घेतला.

"पंधरा तारखेपासून मी नसेन, ब्रिटे."

"शिकारीला. ते काय नवीन? दरवर्षी नसतोस."

"शिकार संपल्यावरही. हॅनकॉक गावात भाड्यानं खोली घेतलीय."

ब्रिटा हसली. मग ते हसू तसंच तोंडावर राहिलं, काढून कुठे ठेवायचं ते तिला कळेना. तिनं मान वळवली. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती. नजरानजर झाली तरी ती बाजूला झाली नाही.

दोन गाड्या. हिशोब मघापासून बरोबरच होता.

जुळवलेल्या मुद्द्यांतला एकही आठवेना. ब्रिटानं उरलेली एक काठी उचलली, उजवीकडची ओळ ओलांडली आणि गवतात तीन मोठ्या ढांगा टाकल्या. बाबासारख्याच. काठी रोवून तिनं एका हातानं हातोडा मारला.

"तिथे गवत आहे," वेन मागून म्हणाला. "गाडीखाली मरून जाईल."

"गवत एप्रिलमध्ये परत येतं."

दुसरा घाव निसटला. काठी कलली. तिनं सरळ केली, मारलं, परत कलली. वरचा थर एव्हाना कडक होऊ लागला होता. तिला नाक पुसायचं होतं, पण दोन्ही हात गुंतलेले.

वेन झाडू धरून उभा होता. शेवटी त्यानं तो भिंतीला टेकवला, गवतात आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी त्यानं काठी सरळ धरली.

"मार," तो म्हणाला.

ब्रिटानं हातोडा उचलला. या वेळी ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली.