डॉक्टरला पाडणारं गाव

भूपेंद्र डॉक्टरांच्या राजदूत मोटारसायकलचा फटफटाट कोसमटोल्याच्या पारावर ऐकू आला की अर्ध्या गावाचा ताप तिथंच उतरायचा. उरलेल्या अर्ध्याचा सुई पाहून. टेकचंद राइसमिलवाल्याच्या अडेल म्हशीनं एकदा त्यांची काळी बॅग पाहिली आणि मुकाट्यानं दूध दिलं, असंही सांगतात. आता म्हशीची साक्ष कोण काढणार? पण आंधळगावचे विणकर माग बंद ठेवून याच दवाखान्यात येऊन बसत, एवढं तर डोळ्यांनी पाहिलेले लोक आहेत.

असा माणूस राजकारणात पडला तो एका कुलपामुळं.

गावाच्या टोकाला सरकारी दवाखाना बांधून तयार होता. भिंतींना चुना, दाराला निळा रंग, आत दोन खाटा. उद्घाटन तेवढं राहिलं होतं, आणि नेमका तेव्हाच जिल्हा फुटला. अर्ध्या फायली इकडं, अर्ध्या तिकडं; खुर्च्या वाटल्या, बाबू वाटले. त्या वाटणीत कोसमटोल्याच्या डॉक्टरची जागा कुठल्या कागदावर गेली ते कोणालाच सांगता येईना. किल्लीही कोणत्यातरी ट्रंकेत गेली म्हणत. दाराला कुलूप राहिलं आणि व्हरांड्यात बकऱ्या बाळंत होऊ लागल्या.

बायांना मात्र बाळंतपणाला भंडाऱ्याला न्यावं लागे. एका श्रावणात गावातल्या अडलेल्या रुखमिणीला जीपमध्ये घालून डॉक्टर निघाले आणि कारध्याच्या पुलावरच मूल बाहेर आलं. खाली वैनगंगा दुथडी, मागं एसटीचा हॉर्न, आणि डॉक्टरांचे हात कोपरापर्यंत रक्तात. माय-लेक वाचले, पण कसे ते डॉक्टरांनाच ठाऊक. तसेच, त्याच डागाळल्या शर्टानं ते भंडाऱ्याच्या एका कचेरीत शिरले.

"डॉक्टरसाहेब, हे प्रश्न जिल्हा परिषदेच्या सभेत विचारायचे असतात," समोरचा बाबू नाकाला रुमाल लावून म्हणाला.

"मग सभेतच येतो," डॉक्टर म्हणाले.

निवडणुकीत समोर उभा राहिला टेकचंद. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला खुर्ची दिसली की बसल्याशिवाय राहवत नसे. त्याचं भाषण एकच, पण ते जहाल होतं. "डाक्टर देवमाणूस हाय! पण देवाले कोनी मंदिरातून काढून भंडाऱ्याले पाठवते का? उद्या हे तिकडं मिटिंगीत बसून राहिले, अन् तुमच्या पोट्ट्याले मिरगी आली, तं का टेकचंद सुई देईन?"

असं दहा गावांत ओरडून टेकचंदचा घसा बसला. आवाज असा, की बेडूकही लाजावा. प्रचाराला चार दिवस उरलेले. आला मुकाट्यानं मागच्या दारानं डॉक्टरांकडं.

इश्वर कंपाउंडर कानाशी लागला, "साहेब, मिरचीचा काढा देऊ का याले? मतदान होईपर्यंत तोंड नाही उघडणार."

डॉक्टरांनी इश्वरकडं असं पाहिलं की त्यानं तीनदा हात धुतले. टेकचंदला नीट औषध मिळालं, वाफारा मिळाला. दुसऱ्या दिवशी त्याच गळ्यानं तो डॉक्टरांच्याच दारासमोर खणखणीत बोलून गेला.

निकाल लागला. कोसमटोल्यात सहाशे बारा मतं पडली. डॉक्टरांना त्यातली तीन.

"एक माझं, एक इश्वरचं, एक तुझं," जेवताना ते बायकोला म्हणाले.

करुणाबाईंनी ताटात भात वाढला आणि पुन्हा वाढला. "मी नाही दिलं जी."

"काय?"

"माझं बीपी कोनं पाहिलं असतं?"

मंगळवारी चंद्रभागाबाई गुडघ्याची सुई घ्यायला आली. सत्तरीची म्हातारी, गावातल्या सगळ्या बायांचं मत तिच्या पदराला बांधलेलं. डॉक्टरांनी सुई हातातच धरली आणि विचारलं, "बाई, मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"अवो, वाईट कायले करसान बाप्पा!" म्हातारीला खरंच नवल वाटलं. "आमी साऱ्या बायाइनं शपथ घेतली, डाक्टरले पाडाचं म्हून. तुमी गेले असते तं आमी मेलो असतो ना! आता टोचा लवकर, धान रोवाले जाचं हाय."

डॉक्टरांनी टोचली. म्हातारी म्हणते, आयुष्यात तेवढी एकच सुई दुखली.

त्या दिवशी डॉक्टरांना आपल्या गावाचा आजार कळला: गावाला डॉक्टर जडला होता. आणि या रोगावर औषध एकच, दुसरा डॉक्टर.

पुढची निवडणूक जवळ आली तसं त्यांनी आंधळगावची रुपा आणली. कोष्ट्याची पोर, नागपूरला शिकून पक्की डॉक्टर झालेली, सरकारी नेमणुकीची वाट पाहत बसलेली. त्यांनी तिला आपल्या खुर्चीशेजारी खुर्ची दिली. गाव यायचं, रुपाच्या खुर्चीला वळसा घालून डॉक्टरांपुढं उभं राहायचं. डॉक्टर संडासात असले तर संडासाच्या दाराबाहेर रांग लागायची, पण रुपापुढं नाही. त्यातून ती पोरगी सुई टोचायचंच नाव घेईना. चंद्रभागाबाईला म्हणाली, "आजी, दर आठवड्याला सुई घेऊ नका. भिंतीला टेकून पाय उचला, रोज वीसदा."

"कवायत शिकवते मले!" म्हातारी चौकात बोंबलली. "हिच्या भरोशावर सोडून चालले का डाक्टर आमाले?"

मतदानाला नऊ दिवस होते. पडणार हे डॉक्टरांना लख्ख दिसत होतं. आणि तेव्हाच त्यांना हुडहुडी भरली.

कोणी म्हणतात, त्यांनी मुद्दाम मच्छरदाणी काढून तलावाच्या पाळीवर झोप घेतली. कोणी म्हणतात, मच्छरांना नाव घेऊन बोलावलं. ते काही असो, रुपानं रक्त तपासलं, मलेरिया निघाला, आणि डॉक्टर कुडकुडत म्हणाले, "खाट ओट्यावर टाका. गावासमोर. औषध रुपाच देईल, दुसरं कोणी नाही."

खाट ओट्यावर आली आणि गाव अंगणात. ताप एकशे चार. रुपानं गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि बाजूला पुस्तक वाचत बसली.

गाव थक्क. "सलाईन?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"तोंडानं पाणी जातं आहे, आजी. सलाईन कशाला?"

"अवो मरते ना माणूस! एक तरी बाटली लटकव!"

अंगणात कुजबूज सुरू झाली. पोट्टीले सलाईन लावताच येत नाही. डॉक्टरांनी ती ऐकली. त्यांनी रुपाला जवळ बोलावून हळूच म्हटलं, "एक बाटली लाव गं. बाटलीवर मतं लटकली आहेत."

रुपानं पुस्तक मिटलं. "सर, इथं डॉक्टर कोण आहे?"

उभ्या आयुष्यात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. जीभ टाळूला चिकटली होती, डोकं फुटत होतं, आणि पाच वर्षांची मेहनत एका काचेच्या बाटलीवर येऊन ठेपली होती.

"तू," ते म्हणाले, आणि अंगणाला ऐकू जाईल एवढ्यानं पुन्हा म्हणाले, "डॉक्टर तूच आहेस!"

तीन दिवस गाव हललं नाही. इश्वरनं अंगणात चहा केला. चंद्रभागाबाई देवाचं नाव घेत राहिली आणि मधूनमधून रुपाला शिव्या देत राहिली. बसून बसून पाय आखडले म्हणून कोणी पाहत नाही असं बघून तिनं भिंतीला टेकून पायही उचलले. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर उठले, आपल्या हातानं अंथरूण गुंडाळलं आणि भाकर मागितली.

मग चंद्रभागाबाई रुपाजवळ गेली. "पोरी, तो कवायतीचा दुसरा पाय कधी उचलाचा?"

या खेपेला कोसमटोल्यात डॉक्टरांना सहाशे दोन मतं पडली. टेकचंद लाडू घेऊन आला, पडेल उमेदवाराला शोभेल असं तोंड करून.

"एक सांगून टाकतो डाक्टर. मागच्या खेपेला तुमाले तिसरं मत होतं ना, ते माह्यं होतं."

"तुझं?"

"घसा तुमी नीट केला, त्याच घशानं तुमाले पाडलं. मंग मत कोन्या तोंडानं स्वतःले देऊ?" त्यानं लाडू पुढं केला. "या खेपेला मात्र मलेच देल्लं हो."

डॉक्टर जिल्हा परिषदेत गेले. पहिल्या सभेत उभे राहून एकच विचारलं, "कोसमटोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर कधी?" उत्तर आलं, माहिती मागवली आहे. दुसऱ्या सभेत तेच विचारलं, तिसऱ्याही. विषय रस्त्यांचा असो, शाळेच्या कौलांचा असो, डॉक्टर उठत. म्हणतात, पुढं पुढं ते नुसते खाकरले तरी साहेबलोकांचं ब्लडप्रेशर वाढे, आणि ते मोजायला यंत्रही डॉक्टरच पुढं करत. चौदाव्या सभेत रुपाच्या नेमणुकीचा कागद निघाला. किल्ली काही सापडली नाही. कारध्याचा लोहार आणून कुलूप कापलं.

दवाखाना उघडला त्या सकाळी डॉक्टर पोचले तेव्हा बकऱ्या बाहेर काढल्या होत्या आणि रांग चिंचेपर्यंत गेली होती. सवयीनं त्यांचा हात चंद्रभागाबाईच्या मनगटाकडं गेला. म्हातारीनं हात मागं घेतला.

"माहा नंबर हाय आता, जी. तुमाले दाखवाचं असन तं कागद काढा अन् मांग उभे राहा."

दाखवायचं होतंच. चौदा सभांनी त्यांचा घसा पार बसला होता. टेकचंदच्या मागं त्यांचा सतरावा नंबर लागला. तासाभरानं रुपानं बॅटरी लावून घशात पाहिलं.

"आठ दिवस बोलायचं नाही."

"मंगळवारी सभा आहे," डॉक्टर बेडकाच्या आवाजात म्हणाले.

"मग लिहून विचारा."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि तिथंच स्टुलावर बसून केसपेपरच्या मागं शेजारच्या गावच्या बंद दवाखान्याचा प्रश्न लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात दारातून चंद्रभागाबाईचा आवाज आला.

"डाक्टर, मांग लाइन हाय. बाहेर बसून लिवा!"