भिंतीकडे तोंड केलेला आरसा

मी एक जुना आरसा आहे आणि गेली अकरा वर्षं माझं तोंड भिंतीकडे आहे. मित्रांनो, आरशाने आपली कहाणी सांगायची म्हणजे त्याने काय काय पाहिलं ते सांगायचं. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट मी पाहिलीच नाही, नुसती ऐकली.

माझा जन्म पाँडिचेरीच्या एका काचवाल्याकडे झाला. मी बेल्जियमची काच आहे असं तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. ते धादांत खोटं होतं, पण मला ऐकायला बरं वाटायचं. पनरुट्टीच्या वीरमणीने मला विकत घेतलं, फणसाच्या लाकडाची चौकट बसवली आणि बसस्टँडजवळच्या आपल्या सलूनमध्ये खुर्चीसमोर टांगलं. वर मुरुगनची तसबीर, खाली वस्तरा, तुरटी आणि पावडरचा डबा. रोज सकाळी वीरमणी मला ओल्या कागदाने पुसून लख्ख करायचा. गिऱ्हाइकं दाढी झाल्यावर गाल फुगवून माझ्यात बघायची आणि वीरमणीला म्हणायची, "आरसा बाकी झकास आहे हं तुझा." मी तेव्हा जरा गर्विष्ठच होतो.

वीरमणीचं एकुलतं एक मूल शाळा सुटली की दुकानात येऊन बसायचं. घरात त्याला मुलगा म्हणत. दुपारी बाप जेवायला गेला की ते मूल टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेऊन माझ्यासमोर उभं राहायचं आणि हळूच म्हणायचं, "पूंगोडी." ते तिने स्वतःच ठेवलेलं नाव. तेव्हापासून मी तिला पूंगोडीच म्हणतो, कारण माझ्यात दुसरं कोणी कधी दिसलंच नाही.

शाळेत पोरं तिला मुतारीत कोंडून ठेवायची. मास्तरांकडे तक्रार केली तर ते म्हणाले, "आधी नीट चालायला शीक." नववीत तिने शाळा सोडली आणि वस्तरा हातात घेतला. तिचा हात बापापेक्षाही हलका होता. झोपलेल्या माणसाची दाढी ती त्याला न उठवता करायची. पण तिचे केस वाढले, बोलण्यात ठेका आला, तशी गिऱ्हाइकं कुजबुजू लागली. शेवटी राईस मिलचा मालक खुर्चीतून उठून सगळ्यांसमोर म्हणाला, "वीरमणी, दाढी तू कर. असला हात माझ्या गालाला नको." महिनाभरात बाक रिकामं पडलं आणि समोरच्या सलूनमध्ये रांग लागली.

वीरमणी वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. त्याने मला खिळ्यावरून काढलं, चादरीत गुंडाळलं आणि लेकराच्या हातात दिलं. "जा. आणि हाही घेऊन जा. इथे राहिला तर रोज यात तूच दिसशील मला." एवढं बोलून त्याने पाठ फिरवली. मला आजही त्याचा राग आहे.

विळुप्पुरमला रेल्वे रुळांजवळ अलमेलू अम्माचं पत्र्याचं घर होतं. पूंगोडीसारख्या, घरातून हाकललेल्या पोरींची ती आई. जिभेने तिखट, पण ताटात वाढताना हात सैल. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "काय गं, इतर पोरी कपडे घेऊन येतात. तू आरसा घेऊन आलीस? तोंड विसरायची भीती वाटते की काय?" पूंगोडी महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

तिने काम शोधलं नाही असं कोणी म्हणू नये, मी साक्षीदार आहे. रोज सकाळी ती माझ्यासमोर घट्ट वेणी घालायची, साधी साडी नेसायची आणि वस्तऱ्याची पिशवी घेऊन निघायची. दोन सलून, एक ब्युटी पार्लर, मग इडलीच्या गाडीवर भांडी घासायचंही विचारून झालं. सगळीकडे एकच उत्तर, "आमची हरकत नाही गं, पण गिऱ्हाइकं काय म्हणतील?" मग ती घरातल्या कस्तुरीबरोबर बाजारात टाळ्या वाजवत दुकानांपुढे उभी राहू लागली. कस्तुरी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी होती आणि या कामात मुरलेली होती. पूंगोडीला मात्र टाळी धड जमली नाही.

त्यातही भागेना. वस्तीमागे गावठी दारू गाळणारा एक जण कॅन पोहोचवायला माणसं शोधत होता. त्याने मात्र गिऱ्हाइकांचं काही विचारलं नाही. चौथ्या खेपेला ती पकडली गेली. मित्रांनो, ते चूक होतं हे मी कबूल करतो. पण ज्या एका माणसाने तिला काम दिलं, त्याच्याकडे ती गेली, हेही ऐकून ठेवा.

तिला पुरुषांच्या कोठडीत टाकलं. तिथे काय झालं ते ती कोणाला बोलली नाही. परत आली तेव्हा तिचं डोकं भादरलेलं होतं. सलूनवाल्याची लेक ती, कोणी किती वाईट हाताने वस्तरा फिरवलाय ते तिला लगेच कळलं. माझ्यासमोर उभी राहून तिने डोक्यावरच्या जखमा एकेक करून चाचपल्या.

त्यानंतर तिला ताप येऊ लागला, खोकला जाईना. अम्मा तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. बायकांच्या वॉर्डातून पुरुषांच्या वॉर्डात धाडलं, तिथून परत बायकांच्या. दिवसभर त्या दोन दारांच्या मधल्या जिन्यावर बसून संध्याकाळी दोघी घरी आल्या. कसला आजार होता, ते कोणी तपासलंच नाही.

मग एके दिवशी पूंगोडी म्हणाली, "अम्मा, मला निर्वाण घ्यायचंय. पुन्हा कोणी पुरुषांच्या कोठडीत टाकायला कारण उरायला नको."

निर्वाण म्हणजे देहातलं पुरुषाचं ते कायमचं सोडणं. डॉक्टरांनी करायचं काम ते, पण दवाखान्यात तिने विचारलं तेव्हा सगळी खोली हसली होती. म्हणून त्यांच्यातली, हे कापायचं काम करणारी दाई आली. अम्मा तिला आधी थांब म्हणाली होती. "अंगात ताप आहे बाई, जरा धीर तरी धर." पण पूंगोडीने ऐकलं नाही.

निर्वाणानंतर चाळीस दिवस पाळायचे असतात. केस विंचरायचे नाहीत, पुरुषाची नजर पडू द्यायची नाही आणि आरशात पाहायचं नाही. चाळिसाव्या पहाटे हळदीने न्हाऊन, नवी साडी नेसून, डोक्यावर दुधाचा कलश घेऊन कडलूरच्या समुद्रावर जायचं. दूध समुद्राला वाहायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. मग आरसा दाखवतात. त्यात जी दिसेल ती खरी ती. पूंगोडीने त्यासाठी हिरव्या काठाची साडी आधीच घडी घालून माझ्या खालच्या फळीवर ठेवली होती. दाई येण्यापूर्वी तिने मला स्वतःच्या हातांनी पुसलं आणि म्हणाली, "चाळीस दिवस थांब रे." मग माझं तोंड भिंतीकडे केलं.

एक सकाळ सोडली तर त्या दिवसापासून मला फक्त चुन्याचे पोपडे दिसतात. बाकी सगळं ऐकलेलं.

पहिले वीस दिवस तिचा आवाज ठणठणीत होता. "अक्का, आज कितवा?" ती रोज कस्तुरीला विचारायची. "काल सतरावा होता, तर आज काय पंधरावा असणार होय?" कस्तुरी म्हणायची, आणि दोघी हसायच्या. मग हसणं कमी झालं. तिसाव्या दिवसानंतर तिचे दात वाजलेले मला ऐकू यायचे.

"अम्मा, कोपऱ्यावरच्या कंपाउंडरला बोलावते," कस्तुरी म्हणाली.

"पुरुष आहे तो. दहा दिवस राहिलेत. सगळं मोडेल," अम्मा म्हणाली. अम्माच्या स्वतःच्या निर्वाणात तिला सांभाळणाऱ्या आईने जशी रीत पाळली, तशीच तिने पाळली, आणि मी तिला दोष देऊ शकत नाही. देतो, पण मग दवाखान्यातला तो जिना आठवतो.

छत्तिसाव्या दिवशी अम्मानेच रीत मोडली. "गेली रीत खड्ड्यात. रिक्षा आण," ती कस्तुरीवर ओरडली.

"तिथे नको," पूंगोडी म्हणाली. "त्या दोन दारांच्या मधे मला पुन्हा बसवू नका." तरी नेलं तिला. मी भिंतीकडे बघत वाट पाहत राहिलो. दिवे लागायच्या आत रिक्षा परत आली. "नाव काय, तर पूंगोडी. मग कागदावर दुसरं कसं? आधी कागद नीट करून आणा, म्हणाला दवाखान्यातला कारकून," कस्तुरी सांगत होती. मग ती भिंतीला टेकून रडली. ती रडत होती आणि माझी चौकट हलत होती.

अडतिसाव्या दिवशी सकाळी पूंगोडीने विचारलं, "अक्का, आज कितवा?"

"चाळिसावा," कस्तुरी म्हणाली. तिने खोटं सांगितलं आणि ते बरं केलं.

"मग दाखव ना."

पावलांचा आवाज आला. कस्तुरीने मला उचललं आणि वळवलं. अडतीस दिवसांनी मला उजेड दिसला, पत्रा दिसला, आणि मग ती दिसली. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. डोळे मिटलेले होते. "पूंगोडी, ए, बघ ना गं," कस्तुरी म्हणत राहिली. मग अम्माने मला तिच्या हातातून घेतलं आणि पूंगोडीच्या नाकाजवळ धरलं. मी थंड काच आहे. श्वास लागला की माझ्यावर वाफ धरते. अम्मा, कस्तुरी आणि मी, आम्ही तिघं वाट बघत होतो. माझ्यावर वाफ धरली नाही.

हिरव्या काठाची साडी तिला तेव्हा नेसवली. मला परत भिंतीकडे तोंड करून टेकवलं होतं. कस्तुरी मला सरळ लावायला निघाली तर अम्माने तिचा हात धरला. "राहू दे तसाच. तिचे दोन दिवस बाकी आहेत."

ते दोन दिवस अजून बाकी आहेत. माझा मुलामा उडालाय, चौकटीला वाळवी लागली आहे. मला कोणी पुसावं असं मला आता वाटत नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्या दुकानात, शाळेत, दवाखान्यात एखादी पूंगोडी आली, तर तिच्याकडे नीट पाहा आणि तिला तिच्या नावाने हाक मारा. माझ्यासमोर भिंत आहे, तुमच्यासमोर नाही.