खणावरचं झाकण

वरची बाजू

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे. सागाच्या सहा फळ्या, दोन आडव्या पट्ट्या आणि मधोमध एक लोखंडी कडी, एवढंच माझं शरीर. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, सदा नाखव्याच्या पडवीत मी चिऱ्यांवर आडवा पडलेला असतो. लोक माझ्यावर बसतात, कालवणाचं टोप निवत ठेवतात आणि मला बाक म्हणतात. मी बाक नाही.

चौलच्या एका सुताराने मला घडवलं. तेव्हा सदाची नवी बोट बांधून होत आली होती. बोटीच्या पोटात मासळी साठवायला खोल कप्पे असतात, त्यांना खण म्हणतात. मधल्या खणाच्या तोंडावर मला बसायचं होतं. सुताराने माझ्या कडा इतक्या नीट तासल्या, की मला जागेवर ठेवताच आतली हवा जागच्या जागी थांबली. "मुंगी शिरायची न्हाय," तो म्हणाला. सदाची बायको नीराबाई हिने मला हळदकुंकू लावलं. पुढे कितीतरी वर्षं सदा चारचौघांत माझं कौतुक करायचा. आमच्या खणातला बर्फ टिकतो, म्हणायचा, झाकणच तसं आहे.

सदाचा मोठा मुलगा सुजित त्याच बोटीवर होता. जेवायला तो माझ्यावरच बसायचा.

खालची बाजू

खालची बाजू मी सहसा दाखवत नाही. तिला रंग लावलेला नाही. तिला वास आहे.

वर बसणाऱ्याचं वजन मला कळतं. खणात उतरणाऱ्याचंही कळतं, कारण मला बाजूला सरकवलं तरी उतरताना तो माझ्याच कडेवर हात टेकतो. वर येताना पुन्हा टेकतो.

टेकतो. पुन्हा टेकतो.

एक हात आहे, जो टेकला आणि

वरची बाजू

त्या फेरीला चांगली मासळी लागलीच नाही. खताच्या कारखान्याला जाते ती बारीक मासळी तेवढी मिळाली. तिच्यावर कोण बर्फ घालतो? ती तशीच खणात ओतली, मला वरून घट्ट बसवलं आणि बोट आणखी काही दिवस उन्हात फिरत राहिली. सगळेच असं करायचे.

जेट्टीला लागल्यावर निकेश नावाच्या खलाशाने मला सरकवलं आणि पाटी घेऊन तो खाली उतरला. त्याने हाक दिली नाही. तो वरही आला नाही. सुजितने वाकून पाहिलं, तर निकेश मासळीवर झोपल्यासारखा पडला होता. सुजितने माझ्या कडेवर हात टेकला आणि तो खाली गेला.

तिसरा सदा निघाला होता. त्याला चौघांनी मिळून धरून ठेवलं.

भर दुपारी, किनाऱ्याला लागलेल्या बोटीत, पाणी अंगाला न लागता दोघे गेले. कोळीवाड्याला याचा अर्थच लागेना. कुणी बाधा म्हणालं, कुणी बोटीला नजर लागली म्हणालं. अलिबागला डॉक्टरबाईंनी समजावलं, की बंद खणात मासळी सडली की विषारी वायू साठतो. अशी माणसं बऱ्याच किनाऱ्यांवर दगावतात आणि बहुधा जोडीने जातात. एक पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो. सुजितची धाकटी बहीण हेमांगी तेव्हा बारावीत होती. ती एवढंच म्हणाली, "ह्ये ठाऊक होतं, तर आमाला कुनी सांगितलं का न्हाय?"



जेट्टीवर सुजितचा फलक लागला. मित्रासाठी प्राण देणारा वीर, असं त्यावर लिहिलं होतं. दर वर्षी त्या तारखेला तिथे नवा फलक लागू लागला. सदाने बोट विकली. घेणाऱ्याने इंजिन पाहिलं, जाळी पाहिली आणि मला उचलून धक्क्यावर ठेवलं. "ह्ये नको," तो म्हणाला.

असा मी पडवीत आलो. सदाने तीन बाजूंना चिरे रचून मला वर ठेवलं. चौथी बाजू त्याने उघडी सोडली. आत कोंबड्या शिरतात म्हणून शेजारी बोलले. त्याने ऐकलं नाही.

हेमांगीला सार्वजनिक आरोग्याची पदवी घ्यायची होती. पनवेलकडे राहून तीन वर्षं शिकावं लागणार होतं. घरात बोटीचे पैसे आले होते आणि विम्याचेही. पण घरात कुणी त्यांना विम्याचे म्हणत नसे. 'सुजितचे' म्हणत.

सदाचा धाकटा भाऊ दादू नवीन बोट बांधत होता आणि त्याला भागीदार हवा होता. माणूस वाईट नव्हता, सगळ्यांचं भलं व्हावं असंच त्याला वाटायचं. एका संध्याकाळी त्याने खडू आणला आणि माझ्याच पाठीवर हिशेब मांडला. एका बाजूला फी, खोलीचं भाडं, खाणावळ. दुसऱ्या बाजूला पगार. पगाराच्या जागी काय लिहायचं, तेच कुणाला सांगता येईना. त्याने दोनतीन ठिकाणी फोन लावून पाहिले. एक म्हणाला, नुसत्या या पदवीवर भागत नाही, पुढेही शिकावं लागतं. दुसरा म्हणाला, संस्थेत कंत्राटावर घेतात. तिसरा म्हणाला, त्यापेक्षा पोरीला नर्स करा.

"डॉक्टर न्हाय, नर्स न्हाय, सुई पन टोचायची न्हाय," दादू म्हणाला. "मंग करनार काय तू?"

"सांगनार, काका."

"सांगायचे पैसे कोन देतो गो बाय? मी तर रोज फुकट सांगतो, तरी कोन ऐकत न्हाय."

सगळे हसले. हेमांगीही हसली. सदा तेवढा खडूच्या आकड्यांकडे बघत राहिला. मग नीराबाई हात पुसत बाहेर आली.

"भावजी, तुमची बोट चांगलीच व्हनार," ती म्हणाली. "पन तिला पन झाकन असंल ना?"

दादूने खडू खिशात टाकला. तो हिशेब कुणी पुसला नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बसण्याउठण्याने तो हळूहळू निघून गेला.

खालची बाजू

पहिल्या वर्षी हेमांगीच्या फीत सुजितचे थोडे गेले.

दुसऱ्या वर्षी सुजितचे आणखी गेले.

तिसऱ्या वर्षी शेवटची फी भरून आल्यावर नीराबाई माझ्यावर बसली आणि म्हणाली, आता सुजितचं काय उरलं न्हाय. आणि आत गेली.

मग खालून कुणीतरी माझ्या कडेवर हात टेकला. चार बोटं, दाबून.

पडवीत कुणी नव्हतं.

वरची बाजू

हेमांगीला नोकरी मिळाली. एका संस्थेत, कंत्राटावर. दादूचा मुलगा पियूष पर्यटकांना स्पीडबोटीतून फिरवायचा. दहावीनंतर त्याने पुस्तक हातात धरलं नव्हतं, आणि त्याची कमाई हेमांगीच्या पगाराहून बरीच जास्त होती. दादू हे टोचून बोलत नसे, पण बोलल्याशिवाय राहतही नसे.

ती जेट्ट्याजेट्ट्यांवर जायची. खणाची गोष्ट काढली की खलाशी तिला चहा द्यायचे, 'बाय, बाय' म्हणत गोड बोलायचे आणि जाळी आवरायला निघून जायचे. तिने वाटलेल्या पत्रकांत सुके बोंबील बांधलेले तिने स्वतः पाहिले.

मग एके दिवशी तिने मला टेम्पोत घातलं. जेट्टीवर, बरोबर सुजितच्या फलकाखाली, दोन क्रेटांवर मला मांडलं. न बोलावता सदाही मागून आला. खलाशांनी मला ओळखलं. ज्यांच्या हातात चहा होता, त्यांचे हात तसेच राहिले.

तिने माझी खालची बाजू वर केली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत त्या बाजूवर ऊन पडलं नव्हतं.

ती सांगत होती. झाकण काढलं की लगेच उतरू नका, सगळी झाकणं उघडून खण वाऱ्यावर सोडा. वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं समजू नका, आधी नाक मरतं, मग माणूस. कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि दोर धरायला वर माणसं असल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही. शेवटचं वाक्य म्हणताना ती अडखळली. खाली कुणी पडला, तर त्याच्यामागून उतरायचं नाही.

विनेश नावाचा एक तरुण खलाशी उभा होता. त्याने फलकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हंजे सुजितनं चूक केली काय?"

तिच्याकडे पदवी होती. या प्रश्नाचं उत्तरही तिच्याकडे होतं. तिने मागे उभ्या सदाकडे पाहिलं.

मागून सदा पुढे आला. त्या दुपारनंतर तो या विषयावर एक अक्षर बोलला नव्हता. त्याने माझ्या कडेवर हात टेकला, बरोबर त्याच जागी.

"व्हय," तो म्हणाला. "माजा पोर चुकला. त्याला कुनी सांगितलं नव्हतं. तुमाला माजी पोरगी सांगते हाय."

पुढच्या वर्षी जेट्टीवर फलक लागला नाही. सदानेच नको म्हणून सांगितलं. नीराबाई कितीतरी दिवस हेमांगीशी बोलली नाही. घरातला वीर गेला होता, आणि हा खर्च दादूच्या खडूने मांडलेलाच नव्हता.

खालची बाजू

आता मला परत पडवीत ठेवलंय. चौथी बाजू उघडीच आहे.

परवा विनेश आला आणि धपकन माझ्यावर बसला. आल्याआल्या कुरकुर सुरू. खणाला वास येत होता, म्हणून त्याने झाकणं उघडून टाकली आणि दोर मागितला. बाकीचे हसले. त्याच्या बोटीचा नाखवा ओरडला. मासळी उतरवायला उशीर झाला, भाव पडला, त्याला शिव्या बसल्या. बस, एवढंच झालं. दुसरं काही झालं नाही. चहात साखर कमी आहे, असंही तो म्हणाला. नीराबाईने आणखी साखर घातली आणि तो चहा संपवेपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली. मग तिने आतल्या हेमांगीला हाक मारली, तू पन चहा घे म्हणाली.

दादूकाका शेजारीच होता. त्याने सवयीने विचारलं, मग बाय, शेवटी फायदा किती?

हेमांगी म्हणाली, "काका, जे झालंच न्हाय ते कुठं लिवायचं?"

दादूने खिसे चाचपले. खडू नव्हता.

मला लिहिता येत नाही. पण विनेश उठला, तेव्हा उठताना त्याने माझ्या कडेवर हात टेकला. एक वजन माझ्यावर बसलं होतं, ते उठून घरी गेलं. एवढा एक आकडा माझ्यापाशी आहे.

मित्रांनो, माझी निगा राखायची असेल, तर मला तेल नको, रंग नको. माझ्यासारखी झाकणं तुमच्याकडेही असतील, विहिरीवर, टाकीवर, गटारावर. ती काढलीत तर आधी थांबा. आणि इथे कधी आलात, तर बसा माझ्यावर. फक्त त्या चौथ्या बाजूला चिरे लावू नका.

तिथून अजून कुणीतरी वर यायचं आहे.